पंपाला विचार

"पंपाला विचारल्याशिवाय नळी लावू नकोस," असं म्हाताऱ्या एवारिस्तोनं आदल्या संध्याकाळी इदानियाला बजावलं होतं. तिनं मान डोलावली होती आणि ते बोलणं तिथंच फुटपाथवर सोडून घरात निघून आली होती. एवारिस्तो म्हणजे इंजिनाशी गप्पा मारणारा माणूस. कार्बोरेटर रुसला तर त्याच्यावर रमचे चार थेंब शिंपडायचा आणि बॅटरीला 'बाईसाहेब' म्हणायचा. इदानियानं पाच वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं. एका नळीनं पेट्रोल पंपात येणार, दुसरीनं बाहेर जाणार. त्यात पंपाला विचारण्यासारखं काय आहे, असं तिला वाटलं होतं.

आता सकाळचे साडेनऊ वाजले होते. नवा पंप जागेवर बसला होता, दोन्ही नळ्या लागल्या होत्या, आणि गाडी काही केल्या सुरू होत नव्हती.

गाडीचं नाव पोपटीण. एक्कावन्न सालची अमेरिकन, कच्च्या आंब्यासारख्या हिरव्या रंगाची, आणि वळणावर दारं अशी करकरायची की कामाहुआनी गावातल्या लोकांनी तिला दुसरं नाव ठेवलंच नसतं. इदानियाच्या वडिलांनी, व्हेनान्सिओनं, तीस वर्षं ती कामाहुआनी ते सान्ता क्लारा प्रवासी घेऊन चालवली. वडील गेल्यावर इदानियानं शाळा सोडली आणि चाकामागे बसली. ही बाई तीन महिन्यांत गाडी विकेल, असं स्टँडवरचे बाप्ये एकमेकांना सांगत होते. त्याला चौदा महिने झाले होते.

पण आज वार्षिक तपासणीचा दिवस होता. सान्ता क्लाराच्या केंद्रावर दुपारी तीनपर्यंत गाडी उभी करायची, शिक्का घ्यायचा. पाळी चुकली की पुढची थेट पावसाळा संपल्यावर, आणि शिक्का नाही तर प्रवासी नाहीत. स्टँडवरची तिची जागा दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी घेतली असती, आणि ती परत मिळवणं गाडी दुरुस्त करण्याइतकं सोपं नव्हतं. नेमक्या अशा वेळी, परवा, जुन्या पंपाचा आतला रबरी पडदा फाटला होता आणि पोपटीण उसाच्या मळ्याशेजारी धापा टाकत थांबली होती.

तिचा मूळचा पंप आता जगात कुठे मिळत नाही. इथं अशा गाड्यांना रशियन पंप लावतात; खाली लोखंडी पट्टी कापून बसवायची, म्हणजे बोल्टची भोकं जुळतात. इदानियानं तो पंप पाळण्याच्या बदल्यात मिळवला होता. तिची लियानेत पाच वर्षांची झाली होती, पाळणा नुसता धूळ खात होता. तरी तो उचलून नेताना इदानिया दारात उभी राहून शेवटपर्यंत बघत राहिली होती. समोरच्या ओसरीवरून ओनेलियानं विचारलं होतं, पाळणा दिलास म्हणजे आता दुसरं नकोच का, राणी? इदानियानं उत्तर दिलं होतं की लियानेतचा बाप दोन वर्षांपासून परदेशात आहे आणि दर रविवारी फोन करतो. फोनवरून जमेल तेवढं सगळं करून झालं. ओनेलिया हसता हसता खुर्चीवरून घसरली होती.

काम सुरू करण्याआधी इदानियानं सगळी तयारी केली होती. वाळूची बादली उजव्या हाताला. बॅटरीची तार सोडवलेली. लियानेतला ओनेलियाच्या ओसरीवर बसवून फरशीतली एक भेग दाखवून ठेवली होती, की हिच्या अलीकडे पाऊल टाकायचं नाही. दर दोन-चार मिनिटांनी ती बॉनेटखालून मान काढून बघायची की पोरगी भेगेच्या पलीकडे आहे ना. गल्लीत तिच्या काळजीची थट्टा चालायची. तीन घरं सोडून कुणाचा गॅस किंचित उघडा राहिला तरी इदानियाच्या नाकाला कळायचं आणि ती दार ठोठावायला जायची, म्हणून ओनेलियानं तिचं नाव 'ला नारीस' ठेवलं होतं. म्हणजे नाक.

जुन्या पंपावर पुढच्या तोटीला टाकीकडून येणारी नळी होती, मागच्या तोटीला कार्बोरेटरकडे जाणारी. नव्यावरही तिनं तशाच लावल्या होत्या. पंपाच्या अंगावरचा बाण कुणीतरी रंग फासून बुजवून टाकला होता, पण चित्र तिच्या डोक्यात पक्कं होतं. तिनं बॅटरी जोडली, किल्ली फिरवली. स्टार्टर कण्हला, इंजिन फिरलं, पेटलं नाही. पुन्हा. पुन्हा. चौथ्या वेळी स्टार्टरचा आवाज खाली गेला, दमलेल्या माणसासारखा. बाईसाहेब थकल्या होत्या. अजून फार तर दोनदा.

तिनं डोकं स्टिअरिंगला टेकवलं. नळ्या बरोबर आहेत, पंप नवा आहे, टाकीत पेट्रोल आहे. मग चुकलं कुठं?

ओनेलियानं ओसरीवरून विचारलं की गाडी ढकलायची का, की पाळणा परत मागायचा?

तेवढ्यात लियानेत म्हणाली, "मम्मा, पोपटिणीच्या पोटात गुडगुड होतंय."

इदानियानं मान वर केली. गाडी उलटी लावलेली होती, तिचा मागचा भाग ओनेलियाच्या ओसरीला जवळजवळ टेकला होता. पोरगी भेगेच्या पलीकडेच होती, पण पोटावर पालथी पडून तिनं कान टाकीच्या दिशेला लावला होता.

"कधी होतंय?"

"तू किल्ली फिरवतेस तेव्हा. मला वरणाचं पाणी जास्त झाल्यावर होतं तसं."

इदानियानं किल्लीवरचा हात काढला. टाकीत बुडबुडे. म्हणजे पंप टाकीतून ओढत नव्हता, टाकीत फुंकत होता. तिच्या पाच वर्षांच्या शिकवण्याचं, डोक्यातल्या सुबक चित्राचं आणि कालच्या मान डोलावण्याचं तिला एकदम हसू आलं.

तिनं बॅटरीची तार पुन्हा सोडवली. पंपावरच्या दोन्ही नळ्या काढल्या, टाकीकडची बोटानं दाबून वर बांधली म्हणजे पेट्रोल सांडायला नको. रशियन पंपाला खाली दांड्यासारखी एक छोटी पट्टी असते, हातानं हलवली की पंप चालतो. पुढच्या तोटीवर तिनं तर्जनी ठेवली आणि पट्टी हलवली. बोटाखालून फुस्स करून हवा आली. मागच्या तोटीवर ठेवली. तोटीनं बोटाची कातडी हळूच आत ओढून धरली, दूध पिणारं बाळ बोट धरतं तशी.

"अस्सं," ती पंपाला म्हणाली. मग आपण पंपाशी बोललो हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं इकडेतिकडे बघितलं.

कुणी बघत नव्हतं असं नाही. पावाच्या रांगेतून परतलेला एवारिस्तो पिशवी काखेत धरून उभा होता. तोंडात कायमचा, न पेटवलेला सिगार. तो इदानियाचा पाद्रिनो, म्हणजे धर्मपिता होता. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यानंच तिला पाण्याखाली धरलं होतं, आणि तेव्हापासून गावात तिला रागवायचा दुसरा हक्क त्याचा होता. पहिला हक्कदार आता नव्हता.

"काय म्हणाला पंप?" त्यानं विचारलं.

"म्हणाला, पाद्रिनोचं ऐकायला हवं होतं."

"रशियन आहे. खोटं बोलत नाही." त्यानं पिशवी फाटकाला अडकवली. मग तो सांगत बसला की तिच्या बापानंही पहिल्यांदा हेच केलं होतं, त्याच्या बापाच्या गाडीत, आणि अर्धा दिवस टाकीत हवा भरत बसला होता. अमेरिकनांची पुढची तोटी पिते, रशियनांची मागची. म्हणून विचारायचं. तो स्वतः बोट नाही, जीभ लावायचा. जिभेला लगेच कळतं. पण तू शिकलेली आहेस, तू बोट लाव.

नळ्या अदलाबदल करायच्या तर टाकीकडची नळी बोटभर कमी पडू लागली. व्हेनान्सिओनं ती, दुसरीसारखीच, कधीतरी दवाखान्यातल्या सलाईनची लावली होती. पेट्रोल पिऊन पिऊन ती पिवळी आणि ताठ झाली होती. ओढून बसवली असती तर आज ना उद्या तडकली असती. एवारिस्तो घरी जाऊन जाड काळ्या रबरी नळीचा वीतभर तुकडा घेऊन आला. कुठल्या ट्रॅक्टरचा ते त्यानं सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. तिनं ब्लेडनं त्याची दोन्ही टोकं सरळ कापली, आतून फुंकून साफ केली आणि नळी जोडत गेली. कार्बोरेटरकडचं टोक तिनं बसवलं. टाकीकडचं एवारिस्तोनं तिच्या हातून घेतलं. शेवटची क्लिप तो आवळायचा, असा त्याचा पन्नास वर्षांचा रिवाज होता, व्हेनान्सिओच्या तरुणपणापासून. त्याचा हात थोडा कापत होता. तिनं ते बघितलं.

मग तिनं पंपाची पट्टी हातानं हलवायला सुरुवात केली. वीस, तीस, चाळीस वेळा. कार्बोरेटरकडे जाणाऱ्या जुन्या पिवळ्या नळीत आधी नुसते बुडबुडे दिसले, मग पेट्रोलची एक बारीक रेघ, मग ती रेघ इंच इंच वर चढू लागली. लियानेत ओसरीवरून ओरडून विचारत होती, आता कुठं आलं? इदानिया सांगत होती, गुडघ्याला. कमरेला. गळ्याला. आणि पेट्रोल कार्बोरेटरमध्ये शिरलं तेव्हा पट्टी हाताला एकदम सैल लागली. पंप भरला होता.

बाईसाहेबांना तिनं मनातल्या मनात विनवलं आणि किल्ली फिरवली. स्टार्टर कण्हला, एकदा, दोनदा, आणि पोपटिणीनं असा आवाज काढला की फाटकावरची पावाची पिशवी हलली. इंजिन धडधडत सुरू झालं. ओनेलियानं पातेल्यावर डाव वाजवला. लियानेत भेगेच्या काठावर उभी राहून नाचली, पलीकडेच.

इदानिया उतरून पुढे आली, हसत. आणि थांबली. वास येत होता.

नुसता नवीन नळीचा नाही. ताज्या पेट्रोलचा, तिखट, गरम लोखंडाजवळचा. तिनं एवारिस्तोला सांगितलं. त्यानं लगेच नळी धरून, वाकून नाक थेट सांध्याजवळ नेलं, दोनदा दीर्घ श्वास घेतला आणि सांगितलं, कोरडं आहे. वास नाही. ओनेलियानं तिकडून टोमणा मारला की ला नारीसला तर स्वर्गातही गॅसचा वास येईल. इदानिया घुटमळली. चौदा महिने ती स्वतःच्या नाकावर हसणं ऐकत आली होती. पन्नास वर्षं गाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक सांध्यावर नाक ठेवून नाही म्हणत होता.

पण तिला लोकांच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या हाताकडे बघायची सवय होती. तिनं एवारिस्तोच्या हाताकडे बघितलं. त्याचा हात मनगटापर्यंत ओला चकचकत होता. आणि त्या ओल्या बोटांनी तो खिशातली काडेपेटी काढत होता.

हाही त्याचा रिवाजच. दिवसभर सिगार तोंडात कोरडा ठेवायचा आणि इंजिन सुरू झालं की पेटवायचा, त्याच जागी, गाडीच्या तोंडावर.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर काडी आधी ओढली गेली असती. ती दोन पावलांत त्याच्यापाशी पोचली, त्याची मूठ काडेपेटीसकट आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरली, आणि दुसऱ्या क्षणी त्याच्या तोंडातला सिगार काढून स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकला.

"आज शिक्का मिळाल्यावर, पाद्रिनो," ती ओनेलियाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. "तोवर नाही. माझा नवस आहे."

मग आत हात घालून तिनं किल्ली बंद केली. इंजिन थांबलं. तिनं त्याचाच हात त्याच्या डोळ्यांसमोर धरला. तो ओलेपणाकडे बघत राहिला. बघता बघता त्याचा चेहरा उतरला.

बॉनेटच्या आडोशाला, दोघांची डोकी इंजिनावर वाकलेली असताना, त्यानं सांगितलं. गेल्या वर्षी ताप आला होता तेव्हापासून. आधी वाटलं वास येईल परत. नाही आला.

"कॉफीलाही वास नाही, पोरी. गरम आहे, एवढंच कळतं," तो म्हणाला. "कुणाला सांगू नकोस. वास न येणाऱ्या मेकॅनिककडे कोण गाडी आणेल?"

 चिंधी देऊन तिनं त्याचे हात पुसायला लावले, साबण लावून धुवायला लावले. मग टॉर्च लावून सांधा बघितला. तोटीच्या तोंडाजवळ एक बारीक कडं असतं. रबरी नळी त्याच्या पुढं ढकलायची आणि क्लिप कड्याच्या मागं आवळायची, म्हणजे ती सुटत नाही. थरथरत्या हातानं क्लिप नेमकी कड्यावरच चढली होती, आणि तिरक्या नळीच्या खालून थेंब थेंब पेट्रोल धूर सोडणाऱ्या गरम पाइपाच्या दिशेनं चाललं होतं. अजून पोचलं नव्हतं.

तिनं सगळं पुसलं. क्लिप सैल केली, नळी पुढं ढकलली, क्लिप मागं सरकवली. मग स्क्रू ड्रायव्हर एवारिस्तोच्या हातात दिला, त्याच्या मनगटाखाली आपला तळवा टेकू म्हणून ठेवला, आणि मोठ्यानं म्हणाली, "शेवटची क्लिप तुमची."

त्यानं ती आवळली. हात हलला नाही.

तिनं पेट्रोलची वाफ उडून जाईपर्यंत अर्धा तास बॉनेट उघडं ठेवलं. ओनेलियानं त्या वेळात चार वेळा किती वाजले ते सांगितलं. मग इंजिन सुरू केलं, सांध्याखाली वर्तमानपत्राचा कपटा धरला, कोरडा निघाला. नाक लावलं. तेल, गरम रबर, दूरवरचा ओनेलियाचा लसूण. पेट्रोल नाही.

एवारिस्तो शेजारच्या सीटवर बसला, लियानेत मागे. सान्ता क्लाराच्या आधीचा तो लांब चढ, जिथं पोपटीण नेहमी धापा टाकायची आणि मागच्या गाड्या भोंगे वाजवायच्या, तो तिनं दुसऱ्या गिअरमध्ये एका दमात पार केला. वर पोचल्यावर स्टँडवरची एक गाडी तिच्या बरोबरीनं आली आणि चालवणाऱ्यानं खिडकीतून विचारलं की घोडा बदललास की काय. तिनं उत्तर म्हणून फक्त भोंगा वाजवला, लांबलचक.

तपासनीस किडकिडीत, गप्प माणूस होता. दिवे, ब्रेक, चाकं. मग बॉनेट. पंपाकडे बघून तो म्हणाला, रशियन आहे, बहुतेक जण नळ्या आधी उलट लावतात. त्यानं खिशातून पांढरा कागद काढला, सांध्याच्या खालून फिरवला, उन्हात धरला. नाकाशी नेला. कागद पांढराच होता.

"सांधा कुणी केला?" त्यानं विचारलं.

इदानियानं एवारिस्तोकडे बघितलं. एवारिस्तोनं तिच्याकडे बोट दाखवलं, आणि ती नको म्हणायच्या आत सांगून टाकलं, "हिच्या नाकानं."

शिक्का काचेवर लागला तेव्हा दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. फाटकाबाहेर, गाडीपासून चांगली पंचवीस पावलं लांब नेऊन, तिनं त्याला सिगार परत दिला आणि काडी स्वतः ओढली. परतताना लियानेतनं कामाहुआनीच्या वेशीपासून गल्लीपर्यंत भोंग्यावरचा हात काढला नाही, आणि इदानियानंही काढायला सांगितलं नाही. स्टँडवरचे सगळे उठून उभे राहिले. तिनं गाडी तिच्या जागेवर आणून लावली, जरा जास्तच दिमाखात.

एवारिस्तो अजूनही गाड्या दुरुस्त करतो. शेवटचा सांधा हुंगायला इदानिया जाते, आणि गल्लीला वाटतं की ती काम शिकते आहे. पण ती रोज पहाटे सहाला प्रवासी घेऊन निघते, आणि तो त्याच सुमाराला उठून गॅसवर कॉफी चढवतो. तेव्हा तुम्ही कधी सकाळचे कामाहुआनीत असलात, तर रेल्वे फाटकापासून तिसऱ्या, निळ्या दाराच्या घरात जरा डोकवा. बरं आहे का, असं विचारू नका, तो हो म्हणेल. कॉफी प्यायला आलो म्हणून सरळ स्वयंपाकघरात जा, आणि आधी श्वास घेऊन बघा. गॅसची कळ डाव्या हाताला आहे.